डोळ्यांना आधी कळलं

उज्जैनच्या देवास गेटला नगर निगमवाल्यांनी नाला उपसायला काढला होता. काळा बुळबुळीत गाळ रस्त्याच्या कडेला ढीग घालून ठेवलेला, आणि येणारेजाणारे रुमाल, पदर, मफलर, जे हाताशी येईल ते नाकाला लावून पळत सुटले होते. आल्हाद पुराणिक मात्र त्या ढिगाशेजारीच, टपरीला पाठ टेकून, निवांत चहा पीत उभा होता. फॅक्टरीची बस यायला अवकाश होता, थंडीचे दिवस होते, ऊन नुकतंच पाठीवर यायला लागलं होतं. चहावाल्याने गमछा नाकावरून आवळून बांधला होता. त्यातूनच तो म्हणाला, "साब, आप बड़े जिगरवाले हो. यहाँ तो नाक फटी जा रही है." आल्हाद हसला. हसता हसता त्याने श्वास आत ओढला, आणि श्वासाबरोबर काहीच आलं नाही. नुसती गार हवा आली. त्याने चहाचा ग्लास नाकाशी धरला. वाफ लागली, ओली, गरम. पण ती कशाची वाफ आहे हे ती सांगेना. चहाची असेल, साध्या पाण्याची असेल, नाल्याचीसुद्धा असेल. त्याने ग्लास खाली ठेवला आणि आपल्या भोवतीच्या लोकांकडे पाहिलं. सगळ्यांना एक गोष्ट माहीत होती आणि एकट्या त्याला ती माहीत नव्हती.

बसमध्ये खिडकीशी बसल्यावर मागचं एकेक आठवायला लागलं. दिवाळीत सर्दी झाली होती, ती गेली असं तो म्हणत होता. पण त्यानंतर जेवणात कशातच राम उरला नव्हता. "हल्ली भाजीत काही दम नसतो," असं तो बायकोला, जयूला, म्हणालाही होता, आणि जयू रुसली होती. मग तिने मसाला वाढवला, त्याने वर लाल तिखट घेतलं, जीभ भाजली, तरी काही नाही. परवा मुलीने, ईराने, इंदूरहून येताना अत्तराची कुपी आणली होती. त्याच्या मनगटावर लावून तिने विचारलं, "बाबा, कसं आहे?" तो म्हणाला, "छान. जरा उग्र आहे, नाही?" असं का म्हणालो आपण? तेव्हाच कळलं असणार. माणसाला काही गोष्टी कळतात आणि तो त्या स्वतःलाच कळू देत नाही, दार आतून लावून घेतो आणि मग बाहेर कुणीतरी नाला उपसतो.

मक्सी रोडवरच्या त्या प्लास्टिकच्या कारखान्यात आल्हाद प्रोसेस इंजिनियर होता. काम विचारलं की तो नातेवाइकांना सांगायचा, तापमान, दाब आणि वेळ या तिघांचं भांडण मिटवणं हे माझं काम. वरच्या हॉपरमधून पडलेले दाणे नळीत वितळतात, वितळलेला रस दाबाने साच्यात जातो, थंड होतो, वस्तू बाहेर पडते. यात कुठेही कमीजास्त झालं तर वस्तू वाकडी होते, आत बुडबुडे राहतात, कडा करपतात. आकडे पडद्यावर दिसतात, पण आकडे खोटं बोलतात हे त्याला नोकरीच्या सुरुवातीलाच कळलं होतं, आणि नाक खोटं बोलत नाही हेही. पॉलिथिन तापलं की विझलेल्या मेणबत्तीसारखा वास. नायलॉन करपलं की लोकर जळल्यासारखा. आणि एसीटल, ज्याची पाण्याच्या मीटरमधली इवलीशी दातेरी चाकं बनतात, ते नळीत जास्त वेळ राहिलं की त्याचा गॅस होतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बरणीतले बेडूक असायचे, तसला घशात टोचणारा वास. एकदा तो फाटकातून आत येता येताच म्हणाला होता, तीन नंबरचा हीटर जळतोय. आत जाऊन बघितलं तर खरंच. तेव्हापासून पुराणिक सरांचं नाक कारखान्यात प्रसिद्ध होतं. नवीन माणूस कामाला लागला की त्याला मशीनच्या आधी ते नाक दाखवलं जायचं. फॅक्टरी मॅनेजर श्रीकांत तर पाहुण्यांसमोर म्हणायचा, "आमच्याकडे यंत्रं जपानची आणि नाक उज्जैनचं."

त्या दिवशी दुपारी कँटीनच्या कोपऱ्यात बसून त्याने मोबाइलवर वाचलं, आणि वाचायला नको होतं असं त्याला वाटलं. वास जाण्याची कारणं बरीच लिहिली होती. सर्दी, नाकातला अडथळा, डोक्याला मार. त्यांच्यात एक नाव होतं, आणि त्या नावाशी नजर अडकली ती सुटेचना. कंपवात. हात थरथरायला लागण्याच्या पुष्कळ आधी वास जाऊ शकतो, असं लिहिलं होतं. आल्हादला आपले वडील दिसले. प्रभाकरराव पुराणिक, बँकेतून निवृत्त झालेले, शर्ट कायम इस्त्रीचा. उजवा हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनी तो पँटच्या खिशात ठेवायला सुरुवात केली. घरात पेपरच्या घडीखाली ठेवायचे. देवळात शेल्याखाली. कुणाच्या लक्षात आलं नाही. हा माणूस खिशात हात घालून का फिरतो, एवढंच आई म्हणायची. मग एका लग्नात पंगतीत मठ्ठ्याची वाटी सगळ्यांदेखत त्यांच्या हातून व्याह्यांच्या अंगावर सांडली, आणि ते काही न बोलता उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. ती पाठ आल्हादला पाठ होती. पण आज त्या पाठीच्याही मागचं काहीतरी वर आलं. त्याच्या कितीतरी आधी, आल्हाद कॉलेजात असताना, एका संध्याकाळी वडील अंगणात खुर्ची टाकून बसले होते. खिडकीवर चढवलेली जाई नुसती लगडली होती, शेजारचे लोक भिंतीपलीकडून म्हणत होते की काय घमघमाट आहे तुमच्याकडे. आणि वडील म्हणाले, "यंदा जाई फुलली नाही वाटतं." आई हसली. "अहो, डोक्यावर आहे तुमच्या. लक्ष कुठं असतं?" वडीलही हसले. सगळे हसले. आल्हाद सगळ्यांत मोठ्याने हसला होता.

त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की ते खरं होईल असं काहीसं वाटत होतं, आणि न सांगता ते खरं होतच होतं. जयू शाळेत गेली की घरात तो चोरासारखा फिरायचा. हिंगाची डबी, फिनेलची बाटली, देवघरातला कापूर, कपाटात तळाशी ठेवलेली आईची भैरवगढ छापाची चादर. आई असल्या चादरी विकत घ्यायला स्वतः भैरवगढला जायची, ठसे मारणाऱ्यांच्या अंगणात त्याला बरोबर न्यायची. नवीन कापडाला लोखंडाचा आणि आंबलेल्या गुळाचा वास असायचा, आणि आई म्हणायची, पहिल्या धुण्यात जातो. तो चादरीत तोंड खुपसून बसला. कापड मऊ लागलं. बाकी काही नाही. मग उठून आरशासमोर दोन्ही हात लांब करून उभा राहिला. हात स्थिर होते. तो बघत राहिला तसे ते किंचित हलले. की आपण बघतो म्हणून हलले? जितकं बघावं तितकं ते हलायचे. त्याने हात खिशात घातले, आणि आरशात वडिलांसारखा दिसणारा माणूस पाहून झटकन बाहेर काढले.

कारखान्यात मात्र तो निभावून नेत होता. लोकांच्या चेहऱ्यावरून वास वाचायला तो शिकला. कुणी नाक मुरडलं, कुणी मान वळवली, की हा आधी जाऊन उभा राहायचा, दोनदा श्वास घ्यायचा आणि म्हणायचा, "हं. हीटर देखो." बहुतेक वेळा बरोबर यायचं. संध्याकाळी बसमध्ये बसला की पाठ ओली झालेली असायची, एवढ्या थंडीत. नाटकवाला माणूस पडदा पडला की थकतो तसा तो थकायचा. फरक एवढाच की हे नाटक सुरू आहे हे बघणाऱ्यांना माहीत नव्हतं, आणि ते आपापल्या जागी निर्धास्त होते. त्या निर्धास्तपणाचीच त्याला भीती वाटायला लागली होती. पण भीतीचीसुद्धा सवय होते. आज सांगू, उद्या सांगू, संक्रांत होऊ दे, असं चाललं होतं.

त्या दुपारी पाच नंबरच्या मशीनवर एसीटलची चाकं चालू होती. साच्याला थंड पाणी पुरवणारा पाइप गळायला लागला म्हणून मशीन थांबवलं, आणि गोवर्धन फिटर साच्याशी वाकून पाइप बदलायला बसला. काम पाच मिनिटांचं म्हणून नळीचे हीटर कुणी बंद केले नाहीत; पण जुना नट निघेना, काम लांबत गेलं. आल्हाद तिथून एकदा गेला. हातात दुसऱ्या मशीनची वाकडी झालेली झाकणं होती, डोक्यात तीही नव्हती. सकाळी शर्टाचं बटण लावताना उजव्या हाताला वेळ लागला होता, तेवढंच डोक्यात होतं. मग परतताना तो पुन्हा तिथूनच गेला. कामावरच्या बायका टेबलाशी बसून चाकांच्या कडा साफ करत होत्या. त्यांच्यातली अहल्या, जी तिथे सगळ्यांत जुनी, तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्याला वाटलं ती नमस्कार करते आहे. त्याने मान हलवली आणि पुढे जाऊन खांबाशी थांबला.

तिथे त्याचे डोळे भरून आले. आधी कडा चुरचुरल्या, मग पाणी आलं, मग वाहायलाच लागलं. त्याला आश्चर्य वाटलं नाही. हे कधीतरी होणारच होतं असं वाटलं. वडील गेले तेव्हा तो रडला नव्हता. लाकडं, गुरुजी, चक्रतीर्थाच्या स्मशानात घेऊन जायची गाडी, नातेवाइकांचे फोन, यात रडणं राहून गेलं होतं, आणि नंतर रडायला काही निमित्त मिळालं नाही. आता भर कारखान्यात, यंत्रांच्या आवाजात, कुणाचं लक्ष नसताना ते येत होतं तर येऊ द्यावं. त्याने चष्मा काढला. त्याला जवळजवळ बरं वाटत होतं. बाबा, तुम्ही भिंतीकडे तोंड करून उभे होतात तेव्हा मी मागून येऊन तुमच्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता, असं तो मनात म्हणत होता, आणि डोळ्यांतून धार लागली होती, आणि घसाही आता दाटून, टोचून येत होता. दाटून येतो तसा नव्हे. टोचून. त्याने ओल्या डोळ्यांनी मागे वळून पाहिलं. अहल्या ओढणीने डोळे पुसत होती. तिच्या शेजारची बाई डोळे पुसत होती. गोवर्धन साच्याशी वाकलेला, त्याने बाहीने डोळे पुसले आणि पुन्हा पाना लावला. इतके सगळे कशाला रडताहेत, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला. आणि तो विचार पुरा व्हायच्या आत तो धावत सुटला होता.

"पीछे हटो! सब पीछे! गोवर्धन, छोड़ उसको, हट वहाँ से!"

गोवर्धन पाना हातात घेऊन नुसताच बघत राहिला. आल्हादने त्याला दंडाला धरून ओढलं, तो धडपडत टेबलापर्यंत आला. "हॉपर में कोई नहीं झाँकेगा! शटर खोलो, पंखे चलाओ, बाहर जाओ सब!" बाजूने हात घालून त्याने हीटर बंद केले आणि नळी साच्यापासून मागे घेतली. ती मागे आली मात्र, आणि तिच्या तोंडातून फट्ट करून बंदुकीसारखा आवाज झाला. वितळलेल्या प्लास्टिकचा गोळा, आत कोंडलेल्या गॅसने फेकलेला, गोवर्धन वाकून बसला होता त्या जागेवरून जाऊन साच्याच्या पोलादावर आपटला आणि तिथेच चिकटून धुमसत राहिला. मग आणखी एक, लहान. मग नुसता फुत्कार. मग काही नाही. सगळे शटरबाहेर उन्हात उभे राहून खोकत होते. आल्हादने माणसं मोजली, मग पुन्हा मोजली. सगळी होती. कुणाला ओरखडासुद्धा नव्हता. हवा निवळल्यावर त्याने आत जाऊन, तोंड बांधून, नळीत पॉलिथिनचे दाणे सोडले, उरलंसुरलं एसीटल बाहेर ढकललं आणि ते पाण्याच्या पिंपात टाकलं. हात अगदी नीट चालत होते. ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

बाहेर आला तेव्हा बायका ओट्यावर बसून पाणी पीत होत्या. त्याने अहल्येला विचारलं, "बास आ रही थी तुमको?"

"आ तो रही थी सर," ती म्हणाली. "कब से आ रही थी. पर आप दो बार इधर से निकले, कुछ बोले नहीं. मैंने आपकी तरफ देखा भी. फिर सोचा, सर को नहीं आई, तो अपने को वहम होगा."

"म्हारे भी आई थी," गोवर्धन म्हणाला. "पर जब सर ही चुप हैं..."

आल्हाद तिथेच ओट्यावर बसला. या लोकांना नाकं होती. सगळ्यांना होती. आणि त्याच्या एका बंद नाकावर विश्वास ठेवून त्यांनी आपापली नाकं बंद करून घेतली होती. वडिलांनी निदान आपला हातच खिशात लपवला होता. त्याच्या तोंडून आपोआप निघालं, "मुझे बास नहीं आती. दिवाली से. किसी की भी नहीं आती."

मग गोवर्धन, ज्याचं डोकं थोडक्यात वाचलं होतं, रागावेल असं वाटत असताना चक्क हसायला लागला. भीती उतरली की येतं तसलं हसू. "तो सर बोलना था न! म्हारो नाक कांई सब्जी में डालने वास्ते है?" बायका हसल्या. अहल्या नाही हसली. ती म्हणाली, "इतने दिन अकेले घूमते रहे आप, ये लेकर?" आणि पाण्याचा ग्लास त्याच्या हातात दिला.

श्रीकांतच्या केबिनमध्ये जाताना त्याने मनातल्या मनात राजीनाम्याची भाषा जुळवली होती. श्रीकांतने सगळं ऐकून घेतलं. "गॅसचा अलार्म बसवायचा होता," तो म्हणाला. "मीच पुढे ढकलला. म्हटलं, आपल्याकडे आल्हाद आहे न. माणसाच्या नाकावर कारखाना चालवायला निघालो होतो मी." मग एकदम चिडून, "आणि तू, गाढवा, मला सांगायचं नाहीस? मी काय तुला काढून टाकलं असतं? उद्या येऊ नकोस. डॉक्टरकडे जा. दाखवून आल्याशिवाय तोंड दाखवू नकोस."

घरी जयू वह्या तपासत बसली होती. तो बूटसुद्धा न काढता दारातच म्हणाला, "जयू, भाजीला दम होता. मलाच वास येत नाही." मग त्याने सगळं सांगितलं. जाईपर्यंत आला तेव्हा तिने पेनाचं टोपण लावलं. कंपवात हा शब्द त्याने उच्चारला आणि त्याला जाणवलं, तो शब्द तोंडाबाहेर आल्यावर खोलीतल्या इतर वस्तूंएवढाच झाला, टेबलाएवढा, खुर्चीएवढा. जयूने वही मिटली. मग म्हणाली, "तुमच्या घराण्यात लपवायची विद्या शिकवतात का हो? आई जन्मभर म्हणत राहिल्या, मला आधी सांगितलं असतं तर मी वाटी धरली असती. एवढंच म्हणायच्या, वाटी धरली असती." तिचा आवाज फाटला. "बूट काढा आधी. फरशी आत्ताच पुसलीये."

फ्रीगंजमध्ये टावर चौकाच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, नाक-कान-घशाच्या डॉक्टर प्राजक्ताचा दवाखाना होता. जयू बरोबर आली होती. डॉक्टर ईराहून थोडीशीच मोठी असेल. तिने त्याला काका म्हटलं आणि त्याला एकदम म्हातारं वाटलं. नाकात बारीक दुर्बीण घालून तिने समोरच्या पडद्यावर त्याला त्याच्याच नाकाची आतली बाजू दाखवली. गुलाबी, ओलसर बोगदा, आणि बोगद्याच्या टोकाशी सोललेल्या द्राक्षांसारखे फिकट घोस. "हे बघा काका, मस्से आहेत. दोन्हीकडे. साधे दिसताहेत, तरी काढल्यावर तपासून घेऊ. रस्ताच बंद आहे, वास वर पोचणार कुठून?" आल्हादने वडिलांचं सांगितलं. ती हसली नाही, हे त्याला फार बरं वाटलं. तिने त्याला शेजारच्याच इमारतीतल्या मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी त्याला चालायला लावलं, वळायला लावलं, चिमट्यासारखी बोटं मिटायला उघडायला लावलं, कागदावर गोल गोल काढायला लावलं, आणि मान हलवून म्हणाले, "कंपवाताचं मला तरी काही दिसत नाही. नाकाचं ऑपरेशन करून घ्या आणि सहा महिन्यांनी भेटून जा." परत आल्यावरही, ऑपरेशननंतर वास येईल का, हे प्राजक्ताने नक्की सांगितलं नाही. "बहुतेक येईल. पूर्ण येईल की थोडा, ते बघू." आल्हादला ते थोडंसुद्धा खूप वाटलं. जिन्याने उतरताना त्याला हसू फुटलं. द्राक्षं, तो म्हणाला, जयू, नाकात द्राक्षं लागलीत माझ्या, आणि मी कागदावर इच्छापत्र करायचं बाकी ठेवलं होतं. जिन्यातच तो कठड्याला धरून हसत उभा राहिला, छातीवरून कुणीतरी मशीनचा साचा उचलून घ्यावा तसं हलकं हलकं होत गेलं, आणि जयू "लोक बघताहेत न" म्हणत म्हणत स्वतःही हसायला लागली. खाली चौकात नेहमीसारखी गर्दी होती. त्यांनी रस्ता ओलांडला तेव्हा तिने त्याचा उजवा हात धरला होता, आणि तो हात थरथरतोय का हे त्याने पाहिलं नाही.

ऑपरेशनची तारीख संक्रांतीनंतरची मिळाली. तोवर तो कामावर जात राहिला. कारखान्यात आता नवीन नियम होता, त्यानेच केलेला: ज्याला वास येईल त्याने कुणालाही न विचारता मशीन थांबवायचं. पहिल्या आठवड्यात उत्पादन घसरलं. कुणी उदबत्तीसाठी मशीन थांबवलं, कुणी बाहेरच्या ट्रकच्या धुरासाठी. एकदा चार नंबर थांबलं, सगळे मागे हटले, आणि बघतात तर गोवर्धनने भिजलेले मोजे नळीच्या पत्र्यावर वाळत घातलेले. कुणी म्हणालं मेलेला उंदीर, कुणी म्हणालं जुनं चामडं, एका बाईने तर सासऱ्यांचं नाव घेतलं. आल्हाद मधोमध उभा राहून सगळ्यांचं ऐकत होता. श्रीकांत केबिनच्या काचेतून हातवारे करत होता, हे काय चाललंय म्हणून. आल्हादने त्याला हातानेच खूण केली, चालू दे.

दुपारी जेवायची घंटा झाली तेव्हा तो नेहमीप्रमाणे कँटीनच्या कोपऱ्यात गेला नाही. ओट्यावर जिथे बायका डबे उघडून बसल्या होत्या तिथे जाऊन बसला. डब्यात कालचं वरण होतं, सकाळी घाईत जयूने परत उकळून दिलेलं. त्याने डबा अहल्येपुढे सरकवला.

"देखना ज़रा. खट्टी तो नहीं हुई?"

अहल्येने डबा नाकाशी नेला. सावकाश, डोळे मिटून, जबाबदारीने वास घेतला.

"नहीं सर. बढ़िया है. भाभी ने ऊपर से लहसुन का तड़का दिया है."

"अच्छा?" आल्हाद म्हणाला, आणि जेवायला लागला.